अर्धा सेकंद उशिरा

माझं काम काय ते सांगितलं की लोक विचारतात, "म्हणजे टीव्हीवरचं ते हसणं खोटं असतं?" खोटं नसतं हो. माणसं खरी, त्यांचं हसणंही खरं. ती कधी हसायची आणि किती, एवढंच मी ठरवते. दर आठवड्याला आमचा विनोदी कार्यक्रम लागतो. पाच-सहा छोटी स्किटं, समोर दोनशे प्रेक्षक, त्यांच्या डोक्यावर टांगलेले आठ माईक. हशा तोकडा पडला की मी माझ्या साठ्यातला थोडा भरते, जास्त झाला की छाटते. साठ्यातल्या प्रत्येक हसण्याला नाव आहे. एक 'पितळी भांडं', एक 'उचकी', एक 'दम लागलेल्या बाई' आणि एक 'दरवाजा', म्हणजे तेल न घातलेल्या बिजागरीसारखे हसणारे गृहस्थ. तेरा वर्षं हेच करतेय. माझं स्वतःचं हसू त्यात आटून गेलं असं सगळे म्हणतात. म्हणोत बापडे.

माझी खोली हॉलच्या मागच्या भिंतीत, वरच्या अंगाला, काचेआड. खोली कसली, कपाटच ते. दोन खुर्च्या मावतात. एक माझी आणि दुसरी बाबांची.

बाबांनी चाळीस वर्षं छापखान्यात यंत्रांशेजारी काढली. त्यात डावा कान पार गेला आणि उजवा नावापुरता उरला. निवृत्त झाल्यावर म्हणाले, "घरी बसून तुझ्या आईच्या पायात पायात करण्यापेक्षा तुझ्याकडे येतो." मग चार वर्षं प्रत्येक रेकॉर्डिंगला माझ्या डाव्या हाताला बसले. त्यांना स्टेजवरचं काही ऐकू यायचं नाही. ते स्टेजकडे बघायचेच नाहीत, माझ्या तोंडाकडे बघायचे. माझ्या नाकातून "हुं" असं निघालं की अर्ध्या सेकंदाने त्यांचं हसू यायचं. "हॅ हॅ, हं." शेवटी एक बारीक श्वास आत. काही निसटलं असं वाटलं तर माझ्या कोपरावर दोन बोटं टेकवायचे, म्हणजे, काय झालं?

गेल्या वर्षी, हा सीझन सुरू व्हायच्या आधी, दहा दिवसांच्या आजारात ते गेले. खुर्ची मी काढली नाही आणि तिच्यावर कुणी बसतही नाही. तिचं एक चाक करकरतं. सफाईवाल्या मावशी रोज सकाळी ती भिंतीला लावून ठेवतात आणि दुपारी मी येते तेव्हा ती माझ्या बाजूला वळलेली असते. जमिनीला उतार असेल, असं मी मनाशी म्हणायचे. बाटली आडवी ठेवून बघितली होती. ती घरंगळली नाही. मग मी त्याचा विचार करायचं सोडून दिलं.

सीझनच्या शेवटी आमचा एक खास भाग होतो, 'गाजलं आणि आपटलं'. वर्षभरातली दहा गाजलेली स्किटं आणि दहा आपटलेली. गाजलेली नटवून-थटवून दाखवायची. आपटलेली मात्र आहेत तशी, एक कणही हशा न भरता. नट विनोद मारतो, समोर मसणातली शांतता, आणि त्या शांततेवर आम्ही घड्याळाची टिकटिक वाजवतो. ज्याचं आपटलं त्याला स्टेजवर लाकडी पिंजऱ्यात आरोपी म्हणून उभं करायचं. लोक पोट धरून हसतात. पण पिंजऱ्यात ज्याच्या नावावर सगळ्यात जास्त स्किटं निघतात तो पुढच्या सीझनला दिसत नाही. हा नियम कुणी लिहिलेला नाही, पण तेरा वर्षांत एकदाही मोडलेला नाही.

या वर्षीची यादी दिग्दर्शकाने माझ्या टेबलावर आपटली. त्याला आम्ही मुकादम म्हणतो, कारण तो मिनिटाला किती हशे आले हे बोटांवर मोजतो. गाजलेल्यांत पहिलं होतं 'उशिरा हसणारे काका'. दुसरं, घोड्याच्या सोंगात मागचे पाय झालेला नट खरोखर झोपला आणि पुढचे पाय त्याला फरफटत घेऊन गेले ते. मग खाली आपटलेली. दाढदुखी. लिफ्टमधले दोन सभ्य गृहस्थ. हवामान सांगणारा आणि त्याच्याच घराचं गळकं छप्पर. सामान हरवल्याच्या कचेरीत 'मीच हरवलोय' म्हणून तक्रार द्यायला आलेला माणूस. दहांपैकी सहांपुढे एकच नाव होतं.

"तुझा भाऊ यंदा पिंजऱ्यातच राहायला जाणार," मुकादम म्हणाला. "वाईट वाटतं. पण लोक हसत नाहीत तर मी काय करू?"

"तू काय करणार," मी म्हटलं.

माझ्या धाकट्या भावाला घरात बारक्या म्हणतात. आज तो नव्वद किलोचा आहे, तरी बारक्याच. 'उशिरा हसणारे काका' त्याचंच, आणि आपटलेली ती सहाही त्याचीच. चाळिशी गाठलीय, आणि लोकांना हसवण्याशिवाय त्याला या जगात दुसरं काही म्हणजे काही येत नाही. खिळा ठोकायला सांगितला तर भिंत पाडेल.

त्याच दुपारी तो चहाचे दोन कप घेऊन वर आला. नेहमीसारखा दारातच टेकून उभा राहिला. दुसऱ्या खुर्चीकडे त्याने बघितलं आणि तिला वळसा घालून माझा कप टेबलावर ठेवला.

"ताई, सहा?"

"सहा."

"एक विचारू? रागावू नकोस." तो कपाच्या कडेवरून बोट फिरवत होता. "लिफ्टवालं स्किट झालं तेव्हा हॉलमध्ये हसले होते गं. दाढवाल्यालाही. मला ऐकू आलं होतं. टीव्हीवर लागलं तेव्हा मात्र सगळं चिडीचूप."

"मागेही सांगितलंय तुला. समोर दिवे असले की असं वाटतं. सगळ्याच नटांना वाटतं."

"हो, सांगितलं होतंस." तो हसला, पण डोळे कोरडे होते. "आता तर स्टेजवर पाय टाकायलाही भीती वाटते. हसले तरी वाटतं, मला भास होतोय. वेडबिड लागेल की काय मला?"

"काहीतरीच बोलू नकोस. चहा पी."

तो गेला. आणि आता मला जे सांगायचंय ते सांगायला जीभ रेटत नाही. पण सांगते.

हॉलमध्ये लोक हसले होते. चांगले खळखळून हसले होते.

बारक्याला भास झाला नव्हता. तो विनोद मारायचा आणि मी काचेआड बसून हॉलच्या माईकांची ती सरकती कळ असते ना, आवाज कमी-जास्त करायची, ती अलगद खाली ओढायचे. मुकादम हॉलमध्ये नसतो. तो पलीकडच्या खोलीत कानाला हेडफोन लावून पडद्यांकडे बघत असतो आणि त्याच्या कानात मी पाठवेन तेवढंच जातं. त्याला शांतता ऐकू यायची. टीव्ही बघणाऱ्यांनाही. पहिली चार स्किटं मी अशी मारली. शेवटची दोन खरोखरच आपटली, कारण तोवर बारक्याच्या पायांतलं बळ गेलं होतं.

का केलं? 'उशिरा हसणारे काका' म्हणून. बाबांना जाऊन दोन महिने झाले नव्हते, आणि हा पठ्ठ्या स्टेजवर बाबांचा तपकिरी स्वेटर घालून आला. ऐकू न येणारे एक काका. शेजारच्याचं तोंड बघून हसतात. सभेत हसतात, बँकेत हसतात, आणि एका शोकसभेत शेजारच्याला शिंक येते तर त्यालाही "हॅ हॅ, हं". अगदी तो शेवटचा श्वाससुद्धा. हॉल कोसळला. मला एक दाणा हशा भरावा लागला नाही. टीव्हीवर लागल्यावर घरी फोन केला तर आई हसत होती आणि रडत होती. "हुबेहूब गं! तेच बसलेत असं वाटलं!" माझ्या अंगाची लाहीलाही झाली. बापाचं बहिरेपण विकून आला, म्हटलं, आणि यांना कौतुक. त्यानंतर मी ती कळ ओढायला लागले. प्रत्येक वेळी, त्याचा चेहरा पडला की, माझ्या नाकातून "हुं" निघायचं. बरं वाटायचं मला. खोटं कशाला बोलू.

आपटलेल्या भागाला काम फारसं नसतं. शांततेचे तुकडे कापायचे आणि टिकटिक लावायची. दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला मी लिफ्टवालं स्किट उघडलं. दोन गृहस्थ एकमेकांना "आधी तुम्ही" म्हणतात आणि दार लागून जातं. तिसऱ्यांदा दार लागलं, शांतता, आणि त्या शांततेत अगदी दूरवर काहीतरी होतं. आवाज वाढवला. परत ऐकलं.

"हॅ हॅ, हं."

पहिल्यांदा वाटलं, बारक्याचंच. काकांच्या स्किटमधलं चुकून मिसळलं असेल. पण नक्कल कुठली आणि अस्सल कुठलं ते मला कळतं, त्यासाठीच मला ठेवलंय. बारक्याचं हसू छातीतून यायचं. हे गळ्यातून होतं, आणि मागे तो छापखान्याचा खरखरीत खोकला. बाबांचं हसू माझ्या साठ्यात नाही. कधी घेतलंच नाही. रोज शेजारी बसलेल्या माणसाचं हसू कोण साठवून ठेवतं?

दाढदुखी उघडलं. होतं. गळकं छप्पर उघडलं. होतं. सहाही स्किटांत, बारक्याचा विनोद पडला की थोड्या वेळाने. बाकीच्या चौघांच्या आपटलेल्या स्किटांत कुठेच नव्हतं.

कामाची सवय सुटत नाही. आवाज कुठून येतोय हे शोधायचं असेल तर एकेक माईक वेगळा ऐकायचा. आठ माईक म्हणजे आठ ट्रॅक. तिसऱ्या रांगेतला माणूस हसला तर तिसऱ्या माईकवर मोठा आणि आठव्यावर बारीक उमटणार. मी आठही ऐकले. आठांवर ते हसू सारखंच बारीक होतं. म्हणजे तो माणूस हॉलमध्ये कुठल्याच खुर्चीत बसलेला नव्हता.

नववा एक ट्रॅक असतो. तो कुणी उघडत नाही. माझ्या टेबलावर एक छोटा माईक आहे, बटण दाबलं की स्टेजवर आणि हॉलमध्ये माझा आवाज जातो, "दिवे झाले का" वगैरे विचारायला. बटण दाबा, न दाबा, त्याचं रेकॉर्डिंग आपलं चालूच असतं. सीझन संपला की पुसून टाकतात.

मी नववा उघडला.

आधी कळ खाली सरकल्याचा आवाज. मग माझ्या नाकातून निघालेलं "हुं". मला माझाच आवाज ओळखू येईना, इतका तो कडू होता. मग अर्धा सेकंद. मग खुर्चीच्या चाकाची करकर आणि अगदी जवळून, माइकापासून हातभरावर, मोठ्याने, मजेत:

"हॅ हॅ, हं."

मी डावीकडे बघितलं नाही. मान वळेचना. भर सकाळ होती, खाली हॉलमध्ये लाइटवाला शिडीवर चढून शीळ घालत होता, आणि मी टेबलाच्या कडेला धरून बसले होते. सहाही स्किटांत तेच. माझं "हुं", अर्धा सेकंद, आणि त्यांचं हसू.

ते माझ्याकडे बघत होते. पूर्वीसारखेच. त्यांना स्टेजवरचं ऐकू येत नव्हतं, मी कळ कशाला ओढतेय हे कळत नव्हतं. पोरीला हसू आलं, म्हणजे काहीतरी छान झालं असणार. म्हणून हसले. सहा वेळा. मी माझ्या भावाची मान मुरगाळत होते आणि माझ्यावर विश्वास ठेवून बाप शेजारी बसून हसत होता.

आईला फोन लावला. काय विचारायचं तेच कळेना. "बाबा इथे येऊन बसायचे ना, तुला कधी काही सांगायचे?"

"सांगायचे की. म्हणायचे, तिथे काय बोलतात देव जाणे, पण पोरगी हसली म्हणजे चांगलंच असणार." मग म्हणाली, "रडतेयस का गं?"

"सर्दी झालीय," म्हटलं आणि ठेवला.

चूक कबूल करायचं धैर्य माझ्यात नव्हतं. मी भित्र्यासारखा मधला मार्ग काढला. कळ खाली ओढली तरी मूळ ट्रॅकवर आवाज पूर्ण उमटलेला असतो. मी त्या चार स्किटांना त्यांचा त्या दिवशीचा हशा परत लावला, जसाच्या तसा. टिकटिक काढून टाकली. म्हटलं, दोनशे लोकांसमोर एकदा ऐकू आलं की झालं. चार यादीतून आपोआप गळतील, दोन उरतील, दोन कुणाचीही निघतात. कुणी काही विचारलं तर बघू.

रेकॉर्डिंग शनिवारी दुपारी होतं. मावशींनी भिंतीला लावलेली खुर्ची मी आले तेव्हा माझ्याकडे वळलेली होती. या वेळी मी तिला नीट जागेवर ओढून घेतली, डाव्या हाताला. का, ते मला विचारू नका.

गाजलेला भाग झोकात झाला. घोड्याच्या मागच्या पायांना टाळ्या पडल्या. मग पिंजरा आला आणि बारक्या त्यात जाऊन उभा राहिला. त्याने लोकांना वाकून नमस्कार केला, लोक हसले. त्याचे हात गजांवर होते आणि मला वरून दिसत होतं, तो गजांना धरून उभा नव्हता, टेकून उभा होता.

पडद्यावर लिफ्ट सुरू झाली. दार तिसऱ्यांदा लागलं आणि भिंतींवरच्या स्पीकरमधून हशा उसळला. खरा, त्या दिवशीचा. हॉलमधले लोक गोंधळले. आपटलेल्याला हशा कसा? काही हसले, काही एकमेकांकडे बघायला लागले. दाढदुखी आलं, पुन्हा हशा. माझ्या हेडफोनात मुकादमाचा आवाज फुटला.

"हा हशा कुठून आला? आपटलेल्यात भरायचा नसतो हे तेरा वर्षांनी सांगायला हवं का तुला? भाऊ आहे म्हणून? थांबवा! सगळं थांबवा!"

पडदा काळा झाला. मुकादम स्वतः स्टेजवर आला आणि लोकांना म्हणाला, "माफ करा, जरा घोटाळा झालाय. आरोपीची बहीण वर बसते. तिने भावावर माया केली." लोक खदाखदा हसले. दिवसातला सगळ्यात मोठा हशा तो.

बारक्या हसला नाही. त्याने पिंजऱ्यातून वर माझ्या काचेकडे बघितलं आणि त्याच्या कॉलरला माईक आहे हे विसरून म्हणाला, "ताई, खोटं नको गं भरूस. आपटलं ते आपटलं. मला चालेल."

मला चालेल म्हणे.

मी खरं तेच परत दिलं होतं आणि तेच त्याला खोटं वाटत होतं. त्याच्या मनात मीच तसं रुजवून ठेवलं होतं. आता यातून एकच वाट होती, आणि ती घेतली की माझी या खोलीतली खुर्ची गेली हेही मला दिसत होतं. मी त्या छोट्या माइकाचं बटण दाबलं आणि ते अडकवून टाकलं, मध्येच सुटू नये म्हणून.

"तो हशा मी भरलेला नाही," मी म्हटलं. माझा आवाज सगळ्या हॉलभर घुमला. "तो त्याच दिवशीचा आहे. लोक हसले होते. चारही स्किटांना हसले होते. मी काढून टाकला होता तो. मुद्दाम. त्याने बाबांची नक्कल केली म्हणून मला राग आला होता. तो विचारायला आला तेव्हा मी त्याला म्हटलं, तुला भास होतोय. त्याला भास होत नव्हता. मूळ ट्रॅक आहेत, कुणीही ऐका. बारक्या, तू आपटला नव्हतास. मी आपटलं तुला."

दोनशे माणसं आणि एक खोकला नाही. अशी शांतता मी तेरा वर्षांत कधी ऐकली नव्हती, आणि शांततेतलं मला कळतं.

बारक्या माझ्याकडे बघत राहिला. मी वाट बघत होते. तो ओरडेल, शिव्या देईल, पिंजरा लाथेने उडवेल, आणि काहीही केलं तरी मला ते हवंच होतं. त्याचा चेहरा लाल झाला, ओठ आवळले गेले. मग त्याची नजर माझ्यावरून सरकली. थोडी माझ्या डावीकडे, थोडी खाली. माणूस खुर्चीत बसल्यावर त्याचा चेहरा जिथे येईल तिथे.

माझ्या बाजूला चाक करकरलं. आणि माझ्या डाव्या कोपरावर दोन बोटं टेकली.

हे इथे सांगायला हवं, आधी राहून गेलं. आमच्या घरात जेवताना काही विनोद झाला की तो बाबांना ओठांनी सांगायचं काम बारक्याचं होतं. बाबांना फक्त त्याचेच ओठ वाचता यायचे. लहानपणी त्याचे पुढचे दात पडलेले, तो तोंड एवढं मोठं करून आवाज न काढता बोलायचा, आणि बाबांना ते कळायचं. माझं आणि त्याचं भांडण झालं, मी त्याला ढकललं, त्याचं कोपर फुटलं, काचेची बरणी फुटली, आई किंचाळली, तरी बाबा ताटावरून मान वर करून विचारायचे, "काय झालं?" आणि हा रडता रडता थांबून त्यांना ओठांनी सांगायचा. दर वेळी तेच तीन-चार शब्द. त्याने माझी चुगली एकदाही केली नाही. आमच्या घरातलं अर्धं आयुष्य बाबांना माहीतच नव्हतं.

स्टेजवर बारक्याने गजांतून मान जरा पुढे काढली, कुणीतरी काही विचारल्यावर काढतात तशी. त्याचे डोळे भरले होते. आणि त्याने तोंड एवढं मोठं करून, आवाज न काढता, सावकाश, मला काचेआडूनही वाचता येईल असं म्हटलं,

"काही नाही, बाबा. गंमत."

मी हसले नव्हते. तुम्हाला कशाची शपथ घेऊन सांगू? मला हसू येणं शक्य नव्हतं, त्याचे ओठ वाचताच मी टेबलावर डोकं ठेवून हमसून रडायला लागले होते, बघण्यासारखं माझ्या तोंडावर काही नव्हतं. तरीही माझ्या डाव्या कानाशी, एक क्षणाचाही उशीर न करता, ते हसले.

"हॅ हॅ, हं."

माइकाचं बटण अडकवलेलंच होतं. हॉलभर ते ऐकू गेलं. आणि खाली बसलेले दोनशे लोक, कशाला हसतोय ते कुणालाच माहीत नसताना, अर्ध्या सेकंदाने हसले.